खोडलेली सही

बँकेतल्या साहेबांनी अम्मीची सही लाल पेनाने खोडली. दोन रेघा. मग शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं.

"अंगठा."

सरकारी रोख्यांचा अर्ज होता. शेवटचा दिवस. गावातली पतसंस्था बुडाल्यापासून अम्मीचा सरकारच्या कागदाखेरीज कशावरच विश्वास उरला नव्हता. धाड गावच्या बाजारात बांगड्या विकून साठवलेलं सगळं तिला त्यात ठेवायचं होतं. त्यासाठी चार महिने ती सही शिकली. दुपारी, गिऱ्हाईक नसताना, बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यांवर. शिकवलं मीच.

"मले येते ना सही, साहेब. तुमच्यासमोर करून दाखवते."

"खात्याला अंगठा आहे, बाई. काल शिकलीस, उद्या विसरशील. मग आम्ही कोणाला धरायचं?"

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "शाळेत टाका बे हिले!" हशा.

साहेब माझ्याकडे वळले. इंग्रजीत, अदबीने म्हणाले, तुम्ही शिकलेल्या दिसता, आईला जरा समजवा. अम्मीला तू. मला तुम्ही.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. इंग्रजी शाळेत मी नीट गप्प बसायला शिकले होते. अम्मीच्या कानाशी म्हणाले, "लगा दे ना अंगूठा, अम्मी. लोगां देख रे."

तिने माझ्याकडे पाहिलं. अंगठा उमटवला. शाईत बांगड्यांची चमकी चिकटली.

साहेबांनी अर्ज उलटला. "रोखे आता ऑनलाइनच मिळतात. अंगठ्याच्या खात्याला ऑनलाइन सोय नाही. नियम आहे."

"मग अंगठा काऊन घेतला?" अम्मीने विचारलं.

"चला, पुढचे."

माझा हात काचेखालच्या फटीत गेला. अर्ज मी ओढून घेतला.

"खात्याला सही नोंदवायचा फॉर्म द्या."

"आज नाही."

"मग आज नाही, हे लिहून द्या."

लिहून दिलं नाही. चार वाजले, खिडकी बंद झाली. रोखे गेले.

एसटीत अम्मी ओढणीने अंगठा पुसत राहिली. मी माफी मागितली. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तेरे को भी शरम आई ना मेरी."



सोमवारी आम्ही खात्याला सही नोंदवायला परत जाणार आहोत. अम्मी त्यांच्यासमोर सही करेल. खोडली, तर खाली पुन्हा करेल. पॅड पुढे आलं, तर मी ते मागे सरकवीन. आणि कोणी समजवायला सांगितलं, तर समजवीन. त्यांना. मराठीत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.