न उसवलेला खिसा

गल्लीत त्यांना सगळे कडकमावशी म्हणत. इस्त्री कडक आणि जीभही कडक, त्यामुळे नाव नेमकं कशावरून पडलं हा वाद कधी मिटला नाही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटची घडी, वर पांढरी चादर, दोन इस्त्र्या आणि भिंतीलगतच्या दांडीवर लोकांचे कोट. टेबलाच्या एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला काका. सगळा संसार या टेबलाभोवती झाला. मुलगी याच टेबलाखाली रांगली, याच टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करून नोकरीला लागली आणि आता पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं.

काकांना एक सवय होती. कपडा हातात आला की आधी खिसे तपासायचे. किल्ली, नाणं, औषधाची गोळी, एकदा तर चक्क पडलेला दात, जे निघेल ते पुडीत बांधून कपड्याबरोबर परत. दुसरा नियम त्याहून कडक. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, गंमत म्हणून आरशासमोर धरायचासुद्धा नाही. जन्मभर कोटांना इस्त्री केलेल्या या माणसाच्या अंगावर कोट कधी चढलाच नव्हता. लग्नाचं कळल्यावर एक डॉक्टर गिऱ्हाईक म्हणाले, माझाच घाला की एक दिवस, कोण विचारतंय. काकांनी हात जोडले. दुसऱ्याचा कोट दांडीवरच बरा म्हणाले आणि लेकीच्या लग्नात साध्या शर्टावर उभं राहायचं ठरवून टाकलं. मावशी तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या म्हणजे आत काहीतरी शिजतंय, हे इतक्या वर्षांत काकांना कळायला हवं होतं.

त्याच सुमारास मावशींच्या परदेशातल्या ताईचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, लग्नाला येणं शक्य नव्हतं. मी येत नाही तर तू ये, तिकीट पाठवते, चार दिवस राहा आणि हवं ते घेऊन जा, असा तिचा हुकूम. मावशींना हर्ष झाला, पण डोकं ताळ्यावर होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी काकांच्या पाठीवरचा धागा काढतेय असं सांगून त्यांनी वितीनं त्यांचे खांदे मोजले. एक धागा काढायला एवढा वेळ लागतो का, असं काकांनी विचारलं. हलू नका, एवढंच उत्तर मिळालं.

परदेशातलं कोटांचं दुकान ताईच्या मुलीनं, म्हणजे भाचीनं दाखवलं. आत पाऊल टाकताच मावशींनी दांडीवरच्या कोटांकडे अशी नजर टाकली की विक्रेता आपोआप सरळ उभा राहिला. या कॉलरची वाफ कमी पडलीय, ह्याच्या बाहीला इस्त्री उलटी फिरलीय, असं करत करत त्या एका गडद निळ्या कोटापाशी थांबल्या. आपली वीत पसरून त्यांनी खांदे मोजले. बरोबर. मग त्यांनी बाहेरच्या खिशात हात घालून पाहिला आणि हात आत जाईना. खिसा कच्च्या टाक्यांनी शिवलेला होता.

"नवे कोट असेच येतात गं मावशी," भाची म्हणाली. "घेणाऱ्यानं टाके उसवायचे."

मावशींनी हात तिथंच ठेवला. हजारो कोट हातांखालून गेले, पण प्रत्येकाचा खिसा आधी कुणीतरी उघडलेला. हा कुणीच उघडला नव्हता. घ्यायचा तर हाच, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं आणि जन्मात पहिल्यांदा घासाघीस करायला विसरल्या.

पैसे देताना विक्रेत्यानं एक फॉर्म भरून दिला. भाचीनं समजावलं, की परदेशी पाहुण्यानं वस्तू देशाबाहेर नेली तर किमतीतला कर परत मिळतो. विमानतळावर, बॅग आत पाठवायच्या आधी, कस्टमच्या माणसाला वस्तू दाखवायची. न वापरलेली, लेबलासकट. तो शिक्का मारतो, मग पुढच्या खिडकीवर पैसे. मावशींनी हे तीनदा वदवून घेतलं. घेतलेले पैसे आपणहून परत देणारं सरकार जगात आहे, हेच त्यांना पचत नव्हतं. त्या पैशांत काकांना कोटाखाली शोभतील असे बूट, हा बेतही दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत पक्का झाला. आपल्याकडे उतरल्यावर काय, हेही भाचीनं सांगून ठेवलं. तिथं नव्या सामानाला एक मर्यादा असते. तिच्या आत असलं तर काही भरावं लागत नाही, वर गेलं तर ड्युटी. कोट मर्यादेत बसतोय, तेव्हा हिरव्या फाटकातून सरळ बाहेर पड, सामान तपासणाऱ्या लाल फाटकाकडे फिरकू नकोस.

निघायच्या दिवशी सकाळी ताईनं वापरलेले कपडे काढून पलंगावर ढीग घातला. मेहुण्यांचे शर्ट, भाचीला न होणारे फ्रॉक, ताईचे स्वेटर. अजून चांगले आहेत, घेऊन जा. मावशींनी मुद्दाम वेळ काढून सगळ्या ढिगाला इस्त्री केली. विटलेली कॉलर आत, झिजलेली कोपरं घडीच्या पोटात, शाईचा डाग खालच्या बाजूला. पुठ्ठे घालून एकेक शर्ट असा बसवला की ताईला आपलेच कपडे ओळखू येईनात. आणि इस्त्री तापलेलीच होती, तेव्हा त्यांनी कोटही घेतला. दुकानाच्या अर्धवट इस्त्रीचा कोट आपल्या हातून घरी जायचा म्हणजे इज्जतीचा प्रश्न होता. लेबलाची प्लॅस्टिकची दोरी मध्ये येत होती, वळ उठला असता. कचकन कापली. खिशाच्या टाक्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही, ते काकांचं काम होतं.

भाची आली आणि कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. नवेपणाचा पुरावा होता तो, मावशी, ती म्हणाली.  पण चूक मान्य करणं मावशींच्या कुंडलीत नव्हतं. मग सुरकुतलेला कोट दाखवायचा होता का सरकारला, असं त्या म्हणाल्या आणि बॅग ओढत टॅक्सीकडे निघाल्या.

विमानतळावर कस्टमच्या काउंटरवर एक जाडजूड चष्म्याची बाई होती. तिनं फॉर्म पाहिला, कोट पाहिला, लेबलाची जागा पाहिली आणि मान हलवली. भाचीनं भाषांतर केलं, की लेबल नाही, घरी इस्त्री केलेली दिसते, म्हणजे वापरलेला आहे. वापरलेला! मावशींच्या कानशिलातून वाफ निघाली. ज्या कोटावर अजून काकांची नजरसुद्धा पडली नाही, तो वापरलेला? भाची काही बोलायच्या आत त्यांनी कोट उचलून खिशाची बाजू त्या बाईसमोर धरली आणि आपल्या मराठीतच तिला सांगितलं, "घाल हात आत. घालून दाखव."

भाषा कळली नसेल, पण म्हणणं कळलं. बाईनं बोटं घातली. ती जाईनात. दुसरा खिसा, तोही बंद. तिनं चष्म्यावरून मावशींकडे पाहिलं, मग कापडावरून एकदा हात फिरवला, आणि गालातल्या गालात हसत धाडकन शिक्का मारला. मावशींनी भाचीला अशी मिठी मारली की मागच्या माणसाची बॅग कलंडली. पुढच्या खिडकीवर हातात खऱ्या नोटा आल्या तेव्हा तर त्यांना वाटलं, विमानात बसायच्या आधीच आपण उडतोय.

दुसरी कुणी असती तर आपल्याकडे उतरल्यावर हिरव्या फाटकातून मुकाट्यानं निघाली असती. पण मावशींच्या अंगात अजून तो शिक्का वाजत होता. आपल्या घरात पहिल्यांदा कोरा कोट येतोय आणि तो असा गुपचूप, मांजरानं दूध चोरल्यासारखा न्यायचा? अधिकाऱ्याला दाखवायचा, पावती दाखवायची, त्याच्या तोंडून ठीक आहे ऐकायचं आणि ताठ मानेनं बाहेर पडायचं. लोक ज्या लाल फाटकाला वळसा घालून पळतात, तिकडे मावशी सासरी निघाल्यासारख्या थाटात गेल्या.

तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं आपणहून आलेला प्रवासी बहुतेक पहिल्यांदाच पाहिला असावा. एक कोट आहे, नवा, मावशींनी अभिमानानं सांगितलं. बाकी? बाकी जुने कपडे. त्यानं बॅग उघडायला लावली आणि मावशींच्या कर्तबगारीनं मावशींचाच घात केला. ओळीनं बसलेले शर्ट, करकरीत कॉलरी, पुठ्ठे, मधून घातलेले पांढरे कागद. पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे, सगळ्या मापांचे.

"बाई, हे जुने कपडे?" तो म्हणाला. "दुकान आहे का तुमचं?"

"आहे ना," मावशी म्हणाल्या, आणि जीभ चावली.

झालं. सगळा माल नवा धरायचा, मर्यादेच्या कितीतरी वर जातोय, ड्युटी भरा, नाहीतर सामान इथंच राहील, कोटासकट. भरल्यावर सोडवून न्या. मावशींनी पदरच्या नोटा मनात चाचपल्या. बूट गेले तरी चालतील, पण तेवढ्यानंही भागणार नव्हतं. अधिकाऱ्यानं कोट उचलून बाजूच्या टेबलावर ठेवला, तोही दुमडून. काका पलीकडे उभे असतील. लग्नात ते शर्टावरच उभे राहतील आणि काही बोलणारही नाहीत, हेच मावशींना सहन होईना.

कपडे जुने आहेत हे शपथेवर सांगून पटणार नव्हतं. ते जुने दिसायला हवे होते. मावशींनी वरचा शर्ट घेतला. आयुष्यात त्यांनी एक सुरकुती मुद्दाम पाडली नव्हती. डोळे मिटून त्यांनी तो मुठीत चुरगाळला, पुठ्ठा ओढून फेकला, शर्ट झटकला. झिजलेलं कोपर बाहेर आलं. दुसरा झटकला, शाईचा डाग. फ्रॉकच्या घडीतून रफू केलेला घेर, स्वेटरच्या पोटातून उसवलेली काख. सकाळभर खपून जे जे झाकलं होतं ते त्या एकेक करून चारचौघांत उघडं करत होत्या. जीव तुटत होता, पण हात थांबत नव्हते. लोक बघायला थांबले. टेबलावर जुन्याबाजारातल्यासारखा ढीग झाला आणि त्या ढिगासमोर मावशी घामाघूम उभ्या होत्या.

अधिकाऱ्यानं एक कॉलर उलटून पाहिली, मग दुसरी. "ही इस्त्री कुणी केली होती?" त्यानं विचारलं.

"मीच," मावशी म्हणाल्या. "माझंच काम मी मोडलंय, साहेब. आता तरी कोट द्या."

 मग त्यानं पावती पाहिली, कोट उचलला, या वेळी खांद्यांना धरून, आणि त्यांच्या हातावर ठेवला. एकटा कोट मर्यादेत आहे, काही भरायचं नाही, जा. मावशींनी त्याचे आभार मानले आणि जाता जाता राहवेना म्हणून, तुमच्या डाव्या बाहीला दोन घड्या पडल्यात, पाठवून द्या दुकानावर, असंही सांगितलं.

बाहेर काका कठड्याला टेकून उभे होते. बॅग बंद होत नव्हती, एक बाही बाहेर लोंबत होती, आत सगळा बोळा. तो पाहून काकांचा चेहराच उतरला. इतक्या वर्षांत बायकोच्या बॅगेत त्यांनी चुरगळलेला रुमाल पाहिला नव्हता. कुणी लुटलं की काय, त्यांनी घाबरून विचारलं. मावशी हसत सुटल्या. नंतर सांगते म्हणाल्या, आणि तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्यांच्या खांद्यांवर कोट चढवला. वितीचं माप चुकलं नव्हतं.

काका लाजले. कुणाचा आहे, असं ते विचारणार होते, पण त्याआधी सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला, काही राहिलंय का ते बघायला. हात आत जाईना.

"अगं, खिसा बंद आहे."

"नवा आहे ना. आजवर तुमच्याकडे आले ते सगळे कुणीतरी आधी उघडलेले. हा तुम्हीच उघडायचा."

काका कितीतरी वेळ त्या बंद खिशावरून बोट फिरवत राहिले. लोकांच्या खिशातून काढून परत द्यायचंच त्यांना ठाऊक होतं.

"पण मी यात ठेवू काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"रुमाल ठेवा. लेक निघेल तेव्हा लागेल. इस्त्री करून मी देईन."

रुमाल त्यांना खरं तर तिथंच लागला असता, पण खिसा अजून शिवलेला होता. मग मावशींनी बॅगेतून लोंबणारी ती चुरगळलेली बाही ओढली आणि पुढे केली.