काळी केलेली चांदी

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला बायकोने काळ्या साडीवर घालायला काळसर हार मागितला. कल्याणच्या सोनाराने तीन प्रकार दाखवले: काळा रंग दिलेलं पितळ, काळं प्लेटिंग केलेलं पितळ आणि औषधात बुडवून काळी केलेली चांदी. प्रत्येकावर मी वीस वेळा रुमाल घासून पाहिला. रंग रुमालाला लागला, प्लेटिंगच्या कडेला पितळ दिसू लागलं, चांदीच्या नक्षीतला काळेपणा मात्र टिकला. चांदीचाच हार घेतला.

हळदीकुंकवाच्या सकाळी आईने तो दंतमंजनाने घासून पांढराशुभ्र केला. "नव्या सुनेच्या गळ्यात काळवंडलेली चांदी? बायका काय म्हणतील?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तो मुद्दाम काळा केलेला आहे, हे मी आईला आधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. उलट म्हणालो, "आता चमकतोय तरी."

सोनार पाच मिनिटांत तो पुन्हा काळा करून देणार होता, आणि दुकान माझ्या रोजच्या वाटेवर होतं. पण नेला असता तर आई चुकली, हे घरात बोलावं लागलं असतं. बायकोने तीनदा आठवण करून दिली. चौथ्यांदा म्हणाली, "राहू द्या हो. कपाटात पडून आपोआप काळा होईल."

झाला, पण डागाडागांनी. तिने तो कधीच घातला नाही.