तीन मेणबत्त्या

निरोपसमारंभात हाती गुच्छ आला, तेव्हा प्राध्यापक रागाने धुमसत होते. समोर सभागृहभर विज्ञान शिकवणारे शिक्षक बसले होते. त्यांच्यासाठी केलेली नवी प्रशिक्षणाची फिल्म नुकतीच पडद्यावर संपली होती आणि शेवटी मार्गदर्शक म्हणून प्राध्यापकांचं नाव झळकलं होतं. त्यांना न विचारता.

फिल्ममध्ये बशीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला होता. ज्योत विझली, पाणी पेल्यात चढलं. मग गोड आवाजात सांगितलं गेलं की जळताना प्राणवायू संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली.

याच वाक्याशी भांडण्यात प्राध्यापकांची नोकरी सरली होती. शिक्षक घडवणाऱ्या या संस्थेत त्यांचा एकच खाक्या होता: आधी हाताने करायचं, मग तोंड उघडायचं. कोणी पुस्तकी उत्तर फेकलं की ते गुरगुरत, "मला काय सांगता? करून बघा." पाठीमागे त्यांचं नावच 'करून बघा' पडलं होतं. बायको म्हणायची, घरात दूध उतू गेलं तरी हे आधी ते का गेलं याचा विचार करतात, ओटा पुसायला आहेच मी.

संचालक त्यांच्याच हाताखाली शिकलेला. खुर्ची मिळाल्यावर त्याने प्रयोगाची टेबलं अडगळीत टाकली आणि तिथे पडदा लावला. सकाळी प्राध्यापकांनी चूक दाखवली, तर फिल्म उद्या शाळाशाळांत पोचायची आहे, आता काही होणार नाही, म्हणाला. वर हसून पुढे म्हणाला, "पाणी चढतं ना, सर? पोरांना तेवढं पुरे."

ते 'पुरे' प्राध्यापकांच्या डोक्यात दिवसभर घणासारखं वाजत होतं.

भाषणाची पाळी आली. त्यांनी गुच्छ बाजूला सारला, पिशवीतून बशी, पेला आणि तीन मेणबत्त्या काढल्या, बशीत पाणी ओतलं. आधी एकच पेटवून पेला ठेवला. पाणी जरासं चढलं. मग तिन्ही पेटवून तोच पेला ठेवला. कडेने बुडबुडे सुटले, ज्योती विझल्या आणि पाणी चांगलं वरपर्यंत गेलं. पुढच्या रांगा उठून टेबलाशी आल्या.

"पेला तोच, हवा तेवढीच," ते म्हणाले. "मग प्राणवायू तिप्पट कुठून आला? हवा तापून बाहेर पडली, उरलेली गार होऊन आकसली, म्हणून पाणी चढलं."

संचालक कानाशी येऊन कुजबुजला, "सर, नाव काढतो तुमचं. पण आता बसा."

तो संचालक झाल्यापासून प्राध्यापक त्याला अहो-जाहो करत. आता ते विसरले.

"नाव राहू दे. ते वाक्य काढ. नाहीतर उद्यापासून प्रत्येक शाळेत मी ही बशी घेऊन जाईन."

तेवढ्यात गर्दीतून एका बाईंनी विचारलं, "सर, चार लावल्या तर?"

"मला काय विचारता?" प्राध्यापक खेकसले आणि पिशवीतून चौथी मेणबत्ती काढून काडेपेटीसह बाईंपुढे सरकवली.