धनेशाच्या खुनाची कबुली

तांबरमची ती घटना आजही आठवते, आणि त्यात गुन्हा नेमका कोणाचा हे आजही मला धड सांगता येत नाही. पन्नासच्या दशकात मद्रासजवळच्या त्या ठाण्यात मी फौजदार होते, सगळ्या ठाण्यात एकटीच बाई.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक तंजावरी राव फिर्याद घेऊन आले. त्यांच्या पाळलेल्या महाधनेशांच्या जोडीतली मादी नाहीशी झाली होती. गिधाडाएवढा पक्षी, पिवळी बाकदार चोच, तिच्यावर शिंगासारखी टोपी. जोडी आवारात मोकळीच असे.

त्याच दिवशी खबर मिळाली, बाजारात एक तेलवाला धनेशाची चोच दाखवून सांधेदुखीचं तेल विकतोय. 'परवाच मारला, ताजी चरबी' म्हणतोय. त्याला आणलं. मागोमाग त्याची गिऱ्हाइकं येऊन खिडकीशी उभी राहिली.

"रावांचा पक्षी तू मारलास?"

"मीच मारला, अम्मा!" तो खिडकीकडे तोंड करून ओरडला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, मुद्देमाल लागतो. मी खिडकी लावली आणि पुन्हा विचारलं. त्याचा आवाज एकदम उतरला.

"नाही मारला, अम्मा. जिवंत धनेश मी बघितलेलासुद्धा नाही. चोच आजोबांची. तेल शेंगदाण्याचं, वर थोडा कापूर."

"मग मघाशी?"

"बाहेर गिऱ्हाइक उभं होतं. शेंगदाणा म्हटलं की पोरं उपाशी."

"आणि तू तुरुंगात गेलास की जेवतील?"

त्याने खिडकी नीट लागलीय का ते वळून पाहिलं.

दोन्ही जबाब त्याचेच. मी पुरती गोंधळले. त्याला कोठडीत ठेवून, पिसं किंवा रक्त सापडतंय का ते बघायला रावांकडे गेले.

"बाई, नर बी दुःखात आहे," राव म्हणाले. "फळं घेतो की निघून जातो."

"जातो कुठे?"

"दुःखातल्या जिवाच्या मागं कशाला जायचं, बाई?"

मी गेले. विहिरीमागे आंब्याच्या झाडाला ढोली होती. तिचं तोंड लिंपून बंद केलेलं, फक्त एक फट उरलेली. नराने गळ्यातून एकेक फळ काढून फटीशी धरलं. आतून पिवळं टोक आलं आणि फळ घेऊन गेलं. बाईसाहेब स्वतःला कोंडून अंड्यांवर बसल्या होत्या.

ठाण्यात येऊन कोठडी उघडली. "पक्षी जिवंत आहे. जा."

त्याने हात जोडले. "अम्मा, तेवढं बाहेर सांगू नका."

गिऱ्हाइकं अजून उभीच होती. मी खिडकी उघडून सांगितलं, "पुराव्याअभावी सोडलंय." त्यात खोटं काहीच नव्हतं.

कबुली घेण्याआधी ती कोणाला ऐकवली जातेय ते बघावं, एवढं मी शिकले. बाकीचं अजून कळलेलं नाही. कारण शेंगदाण्याची गोष्ट दाराशी उभं राहून ऐकलेला आमचा गुडघेदुखीचा हवालदारही बाटली घ्यायला त्याच्यामागे लंगडत गेला.