व्हिजिटर, गेस्ट आणि आत्या

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गेटवरची वही सुरू झाली, ती माझ्या अकलेने. मी क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, म्हणून कमिटीने मलाच विचारलं, व्हिजिटर आणि गेस्ट यांत फरक काय? असा प्रश्न आला की मी हवेत जातो. वॉचमनला समोर बसवून सांगितलं, "चहा पिऊन जातो तो व्हिजिटर, अंथरूण पसरतो तो गेस्ट." नियमही मीच लिहिला: ज्याची 'आउट'ची वेळ नाही तो गेस्ट, आणि गेस्ट पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहिला तर कमिटीची परवानगी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश.

माझी आत्या घाटकोपरला राहते. दर बुधवारी डब्यात बांगड्याचं तिखलं घेऊन येते, बाबांच्या फोटोला हार घालते, जेवते, मला दोन शिव्या देते आणि संध्याकाळी परतते. बाबा गेल्यापासून एक बुधवार चुकला नव्हता.

अडीच महिन्यांनी सेक्रेटरी वही घेऊन दारात उभे राहिले. "सर, तुमच्या वन बीएचकेमध्ये अकरा बायका राहतायत. परवानगी कुठाय?"

अकराही वेळा आत्याच. येताना सही, जाताना काही नाही. वॉचमन कुरकुरला, "मावशी आउट लिखतीच नाहीत, साहेब."

पुढच्या बुधवारी मी आत्याला वही दाखवली. तिने नाक मुरडलं. "बाहेर पडताना 'जातंय' कोण म्हणता रे? 'येतंय' म्हणतत. अशुभ लिहूक सांगतस माका? आणि ह्या घरात पयलो दिवो माज्या हातान लागलो. मी व्हिजिटर?"

मी तरी मास्तरच. दोन शब्दांतला फरक पुन्हा समजावला, उदाहरणांसकट. ती शांतपणे ऐकत राहिली. आत्या शांत बसते तेव्हा घाबरायचं असतं, हे मला पन्नाशीतही कळलं नव्हतं. संध्याकाळी गेटवर तिने चष्मा लावला, 'आउट'खाली वेळ लिहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जातंय."

पुढचा बुधवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. फोन केला तर म्हणाली, गुडघे दुखतात. तिच्या गुडघ्यांना माझं इंग्रजी लागलं होतं. बाबांच्या फोटोवरचा हार सुकून गेला आणि तो काढायला माझा हात धजेना. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बाबांनंतर माझं म्हणून उरलेलं माणूस मी स्वतःच गेटबाहेर काढलं.

तिसऱ्या बुधवारी सकाळीच घाटकोपरला जाऊन धडकलो. तिने मला उभं ठेवलं, शिव्या मात्र बसून दिल्या. मग डबा माझ्या हातात कोंबून चप्पल घातली. डबा भरलेलाच होता.

संध्याकाळी गेटवर वॉचमनने वही पुढे केली. आत्या बघत राहिली. पेन मी घेतलं आणि 'आउट'च्या रकान्यात लिहिलं, 'येते'.

"येतंय रे," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पुन्हा दारात. "सर, ही कुठली वेळ?"

"पुढच्या बुधवारची," मी म्हटलं, "सकाळी अकरा."