उतारावरचं न्यूट्रल

मी आयुष्यात एकदाच गाडीचा हीटर लावला, आणि गाडी बंद पडली!

तीस वर्षं मस्कतमध्ये ड्रायव्हर होतो. पेट्रोल वाचवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. उतार दिसला की गाडी न्यूट्रलला. हीटर? नावच काढायचं नाही. हिवाळ्यात आमची ही शेजारच्या सीटवर कुडकुडायची.

"अहो, लावा ना जरा."

"पेट्रोल जळतं. शाल घे."

"मीच गोठले तर वाचवताय कुणासाठी?"

तिथल्या जबल शम्स या उंच डोंगरावर थंडीत दव गोठतं, ते तिला बघायचं होतं. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. (पुढची वर्षं माझ्याकडे पोत्यानं होती. तिच्याकडे नाहीत, हे कुणी सांगितलंच नाही.)

या हिवाळ्यात तिला जाऊन वर्ष झालं. मस्कतमध्येच, वादी कबीर भागात मी पोराकडे राहतो, महेशकडे. त्याने विजेची गाडी घेतलीय. म्हटलं, "एक दिवस दे. तुझ्या आईला डोंगर दाखवायचाय."

किल्ली देताना तो एवढंच म्हणाला, "बाबा, चार्ज संपवून अडकलात तर पुन्हा किल्ली मिळणार नाही. हीटर लावू नका. बॅटरी खातो."

"मला शिकवतोस?"

पहाटे निघालो. शेजारच्या सीटवर तिची निळी शाल ठेवली. घसरू नये म्हणून पट्टाही लावला. चढाला बोटं गारठली, नजर शालीवर गेली आणि हात आपोआप बटणावर. हीटर फुल! सीट गरम करायचंही बटण सापडलं. दाबलं, तिच्या बाजूचं.

वर सावलीतल्या गवतावर अजून पांढरं होतं, पीठ सांडल्यासारखं. शाल घेऊन उभा राहिलो. 'अहो, चला आता, गारठले' असं कुणी म्हणालं नाही. म्हणून जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

परत येऊन बघतो तर चार्ज उरला इवलासा! शालीला म्हटलं, "घाबरू नकोस. उतार आपलाच आहे." आणि टाकली न्यूट्रलला! डोंगरभर ब्रेक दाबत, जळका वास काढत उतरलो. पायथ्यापासून थोडं पुढे गाडीनं मान टाकली. कुठे? पेट्रोल पंपावर!

पंपावरचा माणूस धावत आला. "चाचा, कितना डालूं?"

मी महेशला फोन लावला. तो मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये गाडी बघतच होता.

"बाबा, गिअरमध्ये ठेवली असती तर उतारावर आपोआप चार्ज झाली असती! न्यूट्रल कशाला?"

"पेट्रोल वाचवायला."

"तिच्यात पेट्रोल नाहीये, बाबा!" पुढे विचारलं, "आणि बाजूची सीट सकाळपासून गरम दिसतेय. सोबत कोण आहे?"

"तुझी आई."

पलीकडे दार ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "थांबा तिथेच. निघालो मी."

"किल्ली गेली ना माझी?"

"गेली. पुढच्या हिवाळ्यात मी नेतो तुम्हा दोघांना."

मी शालीची घडी नीट केली. तरी तोंड कुठं गप्प बसतंय! "एवढ्या हीटरनं चार्ज जातो? मग आपल्या जुन्या गाडीत पेट्रोल किती गेलं असतं!"

"त्यात काही जात नाही, बाबा. इंजिनाचीच ऊब आत येते. फुकट."

फोन ठेवला. शाल पांघरून बसलो. हीटर फुकट होता तेव्हा बायकोला शाल दिली. महाग झाला, तेव्हा शालीला हीटर लावला!