मागच्या चाकाचा नट

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, थोरल्या दादाजवळ तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून — म्हणून जमेल कदाचित.

टेंभुर्णीत पहिली फटफटी आमच्या घरी आली. जालन्याच्या स्टेशनावर लाकडी खोक्यातून उतरली, तेव्हा तिचा काळा रंग अजून ओला असेल असं वाटत होतं. हौस दादाची, पण निगा माझ्याकडे. औरंगाबादेला इंग्रजी शिकून आलो होतो ना, तिच्यासोबतचं पुस्तक मलाच वाचता यायचं. लिंबाखाली ती स्टँडवर उभी करायची, मागचं चाक हाताने फिरवायचं आणि बघत बसायचं. आऱ्या दिसेनाशा व्हायच्या, उरायची नुसती चकाकी. तेलाचा वास, लिंबाची सावली — वेळ कुठे जायचा? अजून डोळे मिटले की ते चाक फिरतं.

आमच्या विहिरीवरचं इंजिन बघायला जालन्याहून गुलाब मिस्त्री यायचे. पाना कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं. त्या वर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी आले, इंजिन दुरुस्त केलं आणि जाता जाता फटफटीकडे बघून म्हणाले, "साखळी ढिली पडून राह्यली, मालक. मी करू का?"

मी म्हणालो, मीच करणार. आम्हाला मिस्त्री कशाला लागतो? गावभर तेच तर मिरवत होतो.

"मंग नट बराबर आवळा. जल्दी न्हाई करायची."

नवमीच्या सकाळी मी मागचे नट सैल केले, चाक मागे ओढून साखळी ताणली. नट बोटांनी फिरवून बसवले, पान्याने आवळणार तेवढ्यात आई माझे पाने घेऊन गेली. खंडेनवमीची पूजा होती. नांगराचा फाळ, विळे, कोयता, आणि त्यांच्या शेजारी माझे पाने, हळदीकुंकू लावून झेंडूत मांडलेले. एकदा पूजेला मांडलेल्या हत्याराला सीमोल्लंघन होईपर्यंत हात लावायचा नाही. म्हटलं, हरकत नाही. सीमोल्लंघनाला सगळे पायीच जातात, तोवर गाडी कोण हलवतंय?

दसऱ्याला दादाने गाडीला हार घातला आणि तिच्यावरच सीमोल्लंघनाला निघाला. मी दारात उभा होतो. मला विसर पडला — नाही. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. मी विसरलो नव्हतो. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. पण सगळं गाव बघत होतं, आणि थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. माझी फुशारकी मला दादाच्या हाडांपेक्षा मोलाची वाटली. वेशीपर्यंतच तर जातोय, असं म्हणत मी बघत राहिलो. झेंडूचा हार उतरत्या उन्हात हलत गेला. फार सुंदर दिसत होता.

वेशीजवळ चाक तिरपं झालं. दादाचा गुडघा फुटला. तो पाय पुन्हा कधी वाकला नाही.

"चाकाला कोणी हात लावल्ता?" आमच्या वडिलांनी, आबांनी, विचारलं.

"मिस्त्रीनं," मी म्हणालो.

मिस्त्रींना बोलावून घेतलं. आबा चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोलले. मिस्त्रींनी चाक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ढिलं राह्यलं व्हतं, मालक," एवढंच म्हणाले. पिशवीतून पाना काढून दोन्ही नट आवळले, हात पुसले आणि गेले. आमच्या इंजिनाचं काम त्यांच्या हातून गेलं. आमचं बघून आजूबाजूच्या गावांचंही.

काही वर्षांनी शहागडला, गोदावरीकाठी, आम्ही फटफटी काठाला लावून नावेची वाट बघत थांबलो होतो. दादा लांब झाडाखाली पाय पसरून बसला होता. बैलगाड्यांना वंगण घालणारा एक म्हातारा उठून आला — मिस्त्री. सलाम नाही, राम राम नाही. वाकून त्यांनी मागच्या चाकाचा नट बोटांनी फिरवून पाहिला. तो फिरला नाही.

"आता बराबर हाय," म्हणाले, आणि परत बैलगाड्यांकडे गेले.

"कोण व्हता रे?" दादाने विचारलं.

"कुणी न्हाई," मी म्हणालो.